सिस्टर, जरा खिडकी उघडा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

३६ वर्षं मी सरकारी रुग्णालयांत परिचारिका म्हणून काम केलं. आधी वॉर्डात अधिपरिचारिका, मग परिसेविका आणि शेवटची काही वर्षं परिचर्या शाळेत पाठ्यनिर्देशिका. आज मी आपल्याशी दम लागण्याविषयी बोलणार आहे. विषय डॉक्टरांचा वाटेल. पण रुग्णाजवळ रात्रभर डॉक्टर बसत नाहीत. तिथे सिस्टर असते किंवा घरचं माणूस असतं. त्यामुळे बदल पहिल्यांदा दिसायला हवा तो त्यांना.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

साल १९८१. नोकरीला लागून मला चार महिने झाले होते. स्त्रियांच्या वॉर्डात रात्रपाळी होती, ४० खाटा आणि मी एकटी. कोपऱ्यातल्या खाटेवर एक आजी होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, पायाला विटांचं वजन बांधलेलं, तीन आठवडे एका जागी पडून. स्वभावानं शांत. त्या रात्री दोनच्या सुमारास त्यांनी हाक मारली, "बाई, जरा खिडकी उघडा. वारं येत नाही." मी पाहिलं, खिडकी उघडीच होती. म्हटलं, "आजी, उघडीच आहे. झोपा आता." अर्ध्या तासानं पुन्हा तेच. मग त्या उठून बसायची धडपड करू लागल्या, पांघरूण भिरकावू लागल्या. मला वाटलं, म्हातारं माणूस, रात्री बावचळलंय. पहाटे तक्ते भरताना मी तापमान लिहिलं, नाडी लिहिली आणि श्वसनाच्या रकान्यात '२०' लिहिलं. साडेपाचला आजी गेल्या.

डॉक्टरांनी सांगितलं, बहुधा पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकली. सकाळी मेट्रनबाई आल्या. त्यांनी तक्ता पाहिला, मग शेजारचा पाहिला, मग ओळीनं सगळे पाहिले. ४० तक्त्यांवर ४० वेळा '२०'. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ही ४० माणसं एकाच लयीत श्वास घेतात का गं? मोजलंस का?"

मी मोजलं नव्हतं. मोजलं असतं तर आजी वाचल्या असत्या का, हे त्या काळी आणि त्या जागी सांगणं कठीण आहे. पण त्या मला स्वच्छ मराठीत सांगत होत्या की हवा मिळत नाही, आणि मी त्यांना उघडी खिडकी दाखवत होते.

श्वास अडतो कुठे?

दम लागणं हा काही एकच आजार नव्हे. ती एक तक्रार आहे आणि तिच्यामागे अनेक कारणं असू शकतात. विद्यार्थिनींना मी एक साधा क्रम शिकवत असे. बाहेरची हवा शरीराच्या कानाकोपऱ्यात पोचायची तर काय काय लागतं? एक, हवेचा रस्ता: नाक, घसा, श्वासनलिका आणि तिच्या फांद्या. दोन, फुप्फुस, म्हणजे लोहाराचा भाताच. फरक एवढाच की इथे हवेतला प्राणवायू रक्तात उतरतो. तीन, हृदय, म्हणजे पंप. चार, रक्त, म्हणजे पाठीवर ओझं वाहणारे हमाल. आणि पाच, हा सगळा कारभार चालवणारा मेंदू, त्याच्या नसा आणि छातीचे स्नायू.

या पाचांपैकी कुठेही बिघाड झाला तरी रुग्ण एकच वाक्य बोलतो, "दम लागतोय." आपण शोधायचं ते हे, की या पाचांतलं कुठलं ठिकाण अडलंय. कारण उपाय त्यावर ठरतो. एकाला जे औषध, ते दुसऱ्याला विष ठरू शकतं.

आधी पाहा, मग मोजा

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ मध्ये परिचर्येवर जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यात रुग्णाच्या निरीक्षणासाठी एक अख्खं प्रकरण खर्च केलं आहे. रक्तदाबाचं यंत्रसुद्धा वॉर्डात नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. म्हणजे हातात काही नसतानाही पाहण्यासारखं बरंच असतं.

रुग्ण कसा बसलाय ते पाहा. पुढे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसला असेल तर श्वासासाठी त्याला जोर लावावा लागतोय. गळ्याच्या शिरा आणि स्नायू ताणले जातात का, नाकपुड्या फुलतात का, फासळ्यांच्या मधली जागा आत ओढली जाते का, हे पाहा. त्याला एखादा साधा प्रश्न विचारा, "कुठलं गाव तुमचं?" एका दमात पूर्ण वाक्य बोलला तर थोडी उसंत आहे. दोन-दोन शब्दांवर थांबत असेल तर उसंत नाही.

मग मोजा. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० वेळा चालतो. छाती वर गेली आणि खाली आली की एक. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट मोजायचं. १५ सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. आणि रुग्णाला सांगून मोजायचं नाही, कारण सांगितलं की माणूस श्वासाकडे लक्ष देतो आणि लय बदलते. आम्ही मनगट हातात धरतो, आधी नाडी मोजतो, मग मनगट न सोडता नजर छातीकडे वळवतो. रुग्णाला वाटतं, सिस्टर अजून नाडीच बघताहेत.

या आकड्याला फार मोल आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये रुग्ण बिघडतोय हे लवकर ओळखण्यासाठी गुणांची एक पद्धत तयार केली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. तीत श्वास मिनिटाला २५ किंवा जास्त झाला, अथवा ८ किंवा कमी झाला, की त्या एकाच गोष्टीसाठी सर्वांत जास्त म्हणजे तीन गुण मिळतात. बऱ्याचदा रक्तदाब कोसळण्याच्या कित्येक तास आधीपासून श्वासाचा वेग वाढू लागलेला असतो. शरीर आधीच कळवत असतं. रकान्यात आपण '२०' लिहून मोकळे होतो.

लहान मुलांचे आकडे वेगळे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल तर तो जलद समजायचा. खोकल्यासोबत असा जलद श्वास दिसला की न्यूमोनियाची शंका घ्यायची. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या आरोग्यसेवकांना हे मोजायला शिकवलं, त्यासाठी मण्यांचं साधं उपकरण बनवलं आणि बालमृत्यू कमी करता येतात हे दाखवून दिलं. मोजायला पदवी लागत नाही, हे आपल्याच राज्यात सिद्ध झालं आहे.

दम कधी सुरू झाला?

यानंतरचा प्रश्न, दम कधीपासून? उत्तर मिनिटांचं असेल तर घशात काही अडकलंय का, दम्याचा झटका आहे का, हृदयविकाराचा झटका आहे का, फुप्फुसात गुठळी गेली का, असा विचार करायचा. उत्तर तासांचं किंवा दोन-चार दिवसांचं असेल आणि जोडीला ताप-खोकला असेल तर न्यूमोनिया. आठवड्यांचं, महिन्यांचं असेल तर रक्त कमी असणं, छातीत पाणी होणं, धुरानं खराब झालेली फुप्फुसं किंवा हळूहळू थकत चाललेलं हृदय. हे काटेकोर कप्पे नव्हेत, पण शोध कुठून सुरू करायचा ते यातून कळतं.

दुसरा प्रश्न, आडवं पडल्यावर काय होतं? हृदय थकलेला माणूस आडवा झाला की पायांकडचं रक्त छातीकडे येतं. पंपाला तेवढं ओढवत नाही, मग ते फुप्फुसात तुंबतं आणि दम वाढतो. उठून बसला की बरं वाटतं. म्हणून मी विचारते, "किती उशा घेता?" पूर्वी एक घेणारा आता तीन घेत असेल तर ते महत्त्वाचं. रात्री झोप लागल्यावर तास-दोन तासांनी घुसमटून जाग येणं, उठून खिडकीपाशी जाऊन बसणं, हेही बहुतेक वेळा हृदयाकडेच बोट दाखवतं.

हृदयाच्या खुणा

हृदयाच्या दमाला सोबती असतात. संध्याकाळी दोन्ही पाय सुजतात. नडगीवर अंगठा दाबून धरला तर खळगा पडतो आणि लगेच भरत नाही. चपलेचा पट्टा घट्ट होतो. वजन तीन दिवसांत दोन किलोनं वाढतं. ही चरबी नव्हे, साठलेलं पाणी. म्हणून ज्यांच्या घरी हृदय थकलेला रुग्ण आहे त्यांनी रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीआधी, वजन करून वहीत लिहावं. औषधाइतकंच त्या वहीला महत्त्व आहे.

फुप्फुसात एकदम पाणी भरलं तर रुग्ण घामानं निथळतो, छातीत बुडबुड्यांसारखा आवाज येतो, खोकल्यातून फेस येतो आणि कधी तो गुलाबी असतो. अशा रुग्णाला आडवं झोपवू नका. पलंगाच्या कडेला, पाय खाली सोडून, पाठीला आधार देऊन बसवा आणि ताबडतोब रुग्णालयाकडे न्या.

इथे एक कळकळीची गोष्ट सांगते. आपल्याकडे 'अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा' असा आग्रह असतो. मी तो असंख्य वेळा ऐकलाय. सलाईन म्हणजे मीठ-पाणी. जुलाबानं सुकलेल्या माणसाला ते जीवदान देतं. पण थकलेल्या हृदयाला किंवा बिघडलेल्या मूत्रपिंडाला तीच बाटली बुडवू शकते. सलाईन किंवा रक्त चालू असताना रुग्णाला दम लागला तर परिचारिकेनं आधी ते थांबवावं, रुग्णाला बसवावं आणि डॉक्टरांना बोलवावं. नातेवाइकांनीही 'बाटली संपू द्या' म्हणून थांबू नये. खूप रक्त कमी असलेल्यांना रक्त सावकाश देतात, त्याचं कारणही हेच.

हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ येतेच असं नाही. मधुमेही, वयस्कर माणसं आणि स्त्रिया यांच्यात कित्येकदा नुसता दम, घाम, मळमळ किंवा एकाएकी गळून जाणं एवढंच असतं. घरात म्हणतात, "गॅस झालाय." ओवा-सोडा घेऊन बघण्यात जो वेळ जातो, त्या वेळात हृदयाचा स्नायू मरत असतो. म्हणून मधुमेह्याचा नवा दम आणि घाम हा इसीजी काढेपर्यंत गॅस समजू नये.

फुप्फुसाच्या खुणा

दम्यात श्वास बाहेर टाकताना शिट्टीसारखा आवाज येतो, कारण बारीक नळ्या आकसलेल्या असतात. त्रास रात्री-पहाटे, धुळीनं, धुरानं, थंडीनं वाढतो आणि पंपानं उतरतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. जोरात दम लागलेल्या रुग्णाची शिट्टी एकदम थांबली आणि तो मलूल झाला, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. हवाच आत-बाहेर होत नसल्यानं आवाज थांबलाय. नव्या सिस्टर इथे फसतात.

दुसरा रोग चुलीचा आणि विडीचा. आयुष्यभर धुरासमोर भाकऱ्या थापलेल्या बायकांनी कधी विडी ओढली नाही, तरी त्यांची फुप्फुसं विडी ओढणाऱ्यासारखी होतात. छाती पिंपासारखी फुगते, चालताना धाप लागते, आणि शीळ घालावी तसे ओठ चंबू करून त्या श्वास सोडतात. या रुग्णांपैकी काहींना ऑक्सिजन बेतानं द्यावा लागतो. डॉक्टर साधारण ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान पातळी ठेवायला सांगतात. काळजीपोटी नातेवाईक चावी फिरवून धार वाढवतात आणि रुग्ण गुंगीत जातो. त्या चावीला कृपा करून हात लावू नका.

न्यूमोनियात ताप, खोकला आणि जलद श्वास. पण सत्तरीपुढच्या माणसाला तापच येत नाही असंही होतं. काल नीट बोलणारे आजोबा आज असंबद्ध बोलतात, जेवत नाहीत, एवढंच दिसतं. अशा वेळी 'वय झालं' म्हणण्याआधी श्वास मोजा. पक्षाघाताच्या रुग्णाला आडवं ठेवून पाणी किंवा पेज पाजली, ठसका लागला आणि दोन दिवसांनी ताप-दम सुरू झाला, तर अन्न फुप्फुसात उतरलं असावं. भरवताना नेहमी बसवून, हनुवटी थोडी खाली घेऊन, चमच्या-चमच्यानं भरवावं, आणि नंतर अर्धा तास तरी बसतं ठेवावं.

आजींची गुठळी

आता त्या आजींकडे परत येते. शस्त्रक्रियेनंतर, हाड मोडल्यावर, बाळंतपणानंतर, किंवा कोणत्याही कारणानं दिवसेंदिवस पडून राहिलेल्या माणसाच्या पायातल्या खोल शिरांत रक्त गोठू शकतं. खूण बहुधा एकाच पायाला असते. एक पोटरी दुसरीपेक्षा सुजलेली, गरम, दुखरी. ती पोटरी चोळू नका. आपल्याकडे पाय दुखला की तेल लावून रगडायची सवय. इथे ती जिवावर बेतू शकते, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाते. मग एकाएकी दम लागतो, नाडी धावते, कधी छातीत टोचतं, कधी खोकल्यातून रक्त येतं, कधी रुग्ण फक्त बेचैन होतो. छाती तपासली तर आवाज जवळजवळ साफ असतो. छाती साफ आणि दम भारी, हे जुळत नाही असं वाटलं की गुठळी आठवायची. आज रुग्णाला लवकर हालतं-चालतं करतात आणि रक्त पातळ ठेवणारी औषधं देतात, ती यासाठीच. पाय हलवण्याचा व्यायाम सिस्टरनं सांगितला की कंटाळू नका.

हमाल कमी, रक्त आंबट

छाती साफ असून दम लागण्याची आणखी दोन मोठी कारणं आहेत. पहिलं, रक्त कमी असणं. हमालच थोडे असले की हृदयाला आणि श्वासाला जादा खेपा कराव्या लागतात. खालची पापणी ओढून पाहा, जीभ आणि तळहात पाहा. फिकट पांढुरके असतील तर हिमोग्लोबिन तपासा. आपल्या बायका पाण्याची कळशी उचलताना लागणारा दम वर्षानुवर्षं अंगावर काढतात.

दुसरं, मधुमेह फार बिघडून रक्तात आम्ल साठणं. यात श्वास खोल, मोठा आणि एका लयीत चालतो, जणू माणूस धावून आलाय. तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो, पोट दुखतं, उलट्या होतात. जर्मन डॉक्टर कुसमाऊल यांनी १८७४ मध्ये अशा श्वासाचं वर्णन केलं आणि आजही तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. इथे दम्याचा पंप कामाचा नाही. रक्तातली साखर तपासायला हवी.

बाळंतिणींविषयी दोन शब्द. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन हृदयाची झडप आकसलेली असते, ते कळतही नाही. गरोदरपणात रक्त वाढतं आणि पहिल्यांदा दम लागतो. शिवाय गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत काही स्त्रियांचं हृदय एकाएकी कमजोर होतं. अंगावर पाजणारी सून म्हणते, "आडवं पडलं की जीव घुसमटतो," आणि घरात म्हणतात, "जागरणं होताहेत, थकणारच." थकवा उशी मागतो, पण तीन उशा मागत नाही. तिला डॉक्टरांकडे न्या.

विंचू आणि मण्यार

कारण ओळखण्यानं किती फरक पडतो, याचं उदाहरण आपल्या कोकणातच आहे. लाल विंचू चावल्यावर लहान मुलं दगावत, ती विषानं एवढंच लोकांना ठाऊक होतं. १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. आधी उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय. मग वाढलेला रक्तदाब, हृदयावर ताण, आणि शेवटी फुप्फुसात पाणी. म्हणजे दम फुप्फुसाचा दिसत होता, पण मूळ हृदयावरच्या ताणात होतं. त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे औषध वापरलं आणि ४० टक्क्यांच्या आसपास असणारं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कामाची सुरुवात झाली ती खाटेजवळ बसून केलेल्या नोंदींतून.

उलट उदाहरण मण्यारीचं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, खूण दिसतेच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आवाज नाकातून येतो. हा रुग्ण धापा टाकत नाही. त्याचा श्वास उथळ होत जातो, कारण छातीचे स्नायूच लुळे पडत असतात. म्हणून म्हणते, फक्त जलद श्वास धोक्याचा नसतो. फार हळू किंवा फार उथळ श्वासही तेवढाच धोक्याचा.

बोटाला लावायचं यंत्र

करोनाच्या २०२०-२१ च्या साथीत ऑक्सिमीटर घराघरांत पोचला. जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्याचं तत्त्व मांडलं. यंत्र छान आहे, पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. हात गार असला, नखाला रंग असला किंवा रुग्ण थरथरत असला तर आकडा चुकतो. सावळ्या-काळ्या त्वचेवर तो कधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. रक्त कमी असलेल्याचा आकडा ९८ येऊ शकतो, कारण यंत्र सांगतं की हमालांच्या पाठीवर ओझं आहे. हमाल किती आहेत हे सांगत नाही. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्याला विषारी वायूची बाधा झाली तरी आकडा चांगलाच दिसतो. ओठ-जीभ निळी दिसेपर्यंत थांबणंही चुकीचं. रक्त फार कमी असेल तर निळेपणा दिसतच नाही. निरोगी माणसाचा आकडा ९५ किंवा वर असतो. आधीचा फुप्फुसाचा आजार नसताना तो ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना कळवा, ९० च्या खाली गेला तर थेट रुग्णालय. पण आकडा चांगला आणि माणूस वाईट दिसत असेल तर माणसावर विश्वास ठेवा.

घरच्यांनी काय करावं?

रुग्णाला बसवा. कपडे सैल करा, गर्दी हटवा. तोंडात पाणी ओतू नका. एक मिनिट श्वास मोजा, नाडी मोजा, वेळ लिहून ठेवा. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, श्वास २५ च्या वर असेल, ओठ निळसर असतील, छातीत दुखत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा दम एकाएकी सुरू झाला असेल तर १०८ ला फोन करा. डॉक्टरांना 'पेशंट सिरियस आहे' एवढंच सांगू नका. असं सांगा: "वय ६८, पाय मोडून तीन आठवडे पडून. दोन वाजल्यापासून दम, श्वास ३२, नाडी १२०, बेचैन आहे." अशी दोन वाक्यं ऐकली की झोपेतला डॉक्टरही उठून बसतो. हीच वाक्यं मला १९८१ मध्ये बोलता आली असती.

आणि शेवटचं. बेचैन रुग्णाला 'घाबरलाय', 'नाटक करतोय', 'बावचळलाय' असं म्हणण्याची आपल्याला घाई असते. भीतीनंही दम लागतो, खरं आहे. पण मेंदूला प्राणवायू कमी पडला की त्याची पहिली खूण बहुधा बेचैनीच असते. म्हणून 'भीती' हे निदान सगळ्यात शेवटी करायचं. बाकीचं सगळं पाहून झाल्यावर. बेचैन माणसाला झोपेची गोळी देण्याआधी त्याचा श्वास मोजायचा.

निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी ही आजींची गोष्ट सांगत असे. मग त्यांना वॉर्डात पाठवून दहा रुग्णांचे श्वास मोजून आणायला सांगत असे. कुणी दहाही ठिकाणी '२०' लिहून आणलं, की मी काही बोलत नसे. मेट्रनबाईंनी मला विचारलेला प्रश्नच तिला विचारत असे, "मोजलंस का?"

आज रात्री आपल्या घरी कुणी आजारी असेल आणि ते म्हणालं, "जरा खिडकी उघडा," तर खिडकी जरूर उघडा. पण त्यांच्याजवळ बसा, घड्याळ समोर धरा आणि एक मिनिट मोजा.